टायरातले मणी

"किती वेळात पोचाल, शिवकांता?" डॉ. हेबळे बाईंनी फोनवर आधी हेच विचारलं. कुणाला काय झालंय ते नंतर सांगितलं.

हेबळे बाई सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या रक्तपेढीत होत्या आणि त्यांचा फोन आला की कारण एकच असायचं. माझा रक्तगट बॉम्बे. नावावरून वाटतं, मुंबईत पैशाला पासरी मिळत असेल. पण हजारो माणसांत एखादंच असं निघतं, आणि त्याला तसल्याच दुसऱ्या माणसाचं रक्त लागतं. बाकी कुणाचं चालत नाही. कॉलेजात असताना एका शिबिरात हौसेनं रक्त दिलं, त्यातून हे कळलं. तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांत असा पेशंट अडला की माझी आठवण निघायची.

बाई भराभर बोलत होत्या. सोलापूरच्या पूर्व भागातली एक बाई, पद्मजा नाव, पहाटे बाळंत झाली होती. मुलगी झाली. त्यानंतर रक्त थांबेना. शेवटी गर्भपिशवी काढली, तरी अंगातलं बरंचसं रक्त गेलेलं. घरातल्या सगळ्यांचं तपासलं, एकाचंही जुळलं नाही. पुण्याहून एक जण निघालाय, पण त्याला दुपार टळणार.

"तोवर ती थांबायची नाही," बाई म्हणाल्या.

आम्ही तेव्हा मुरूमला राहत होतो. तिथून येणेगूरला जाऊन हायवेला लागायचं आणि मग सरळ पश्चिमेला, दीड-दोन तासांचा रस्ता. त्या आठवड्यात एसटीचा संप होता. वडापच्या जीपा माणसांनी लगडलेल्या आणि दर फाट्याला थांबणाऱ्या. सोलापूरहून गाडी मागवावी तर ती आधी येणार आणि मग परत जाणार. फोन कानाला लावूनच मी हे सगळं मनात फिरवत होते, तेवढ्यात माझ्या नवऱ्यानं, मल्लिनाथनं, खुंटीवरची दोन्ही हेल्मेटं काढलीसुद्धा. तो साखर कारखान्यात फिटर. नुकताच रातपाळी करून आला होता, अंगावरचे कपडेही बदलले नव्हते.

"बाईंना सांग, निघालाव म्हणून," तो म्हणाला.

त्या मोटरसायकलीवर त्याचा भारी जीव. आदल्याच पावसाळ्यात उमरग्याच्या वाटेवर तिचं पुढचं चाक खड्ड्यात आदळलं आणि रिमला पोचा पडला. रिम ठोकून सरळ केली, टायर नवा घातला, तरी काटा साठाच्या पुढं गेला की हँडल हातात थरथरायचं आणि आरशातलं सगळं पाण्यात पाहिल्यासारखं हलायचं. चाक एका बाजूला जड झालं होतं. उमरग्याला मोटारींच्या चाकांचा तोल काढायची मशीन होती, पण मोटरसायकलचं चाक तिच्यावर बसेना. रिमला शिशाचे तुकडे चिकटवून पाहिले, ते खडबडीत रस्त्यावर गळून गेले. मग कुठूनसं त्याला कळलं की टायरच्या आत सुटे मणी टाकतात. पुण्याच्या एका मित्राकडून त्यानं पुडी मागवली. काचेचे, पांढरे, मोहरीपेक्षाही बारीक, चिमटीत धरावेत तर निसटणारे.

ते टायरात कसे गेले हे मला चांगलं आठवतं, कारण बाटली मीच धरली होती. त्यानं वाल्वमधली पिन काढली, वाल्वला रबरी नळी जोडली, नळीच्या दुसऱ्या टोकाला औषधाची रिकामी बाटली उलटी लावून त्यात मणी भरले, आणि मी बाटलीला टिचक्या मारत बसले. मणी सुळसुळत आत उतरत होते. शेजारच्या काकू विचारून गेल्या, मल्लिनाथ, टायराला बोरमाळ करतोस का रे? तो हसला नाही. त्या गेल्यावर मला समजावून सांगू लागला.

"चाक जोरात फिरायला लागलं की हे आपणहून हलक्या बाजूला जाऊन बसतेत. खड्डा लागला की सांडतेत, आणि परत जाऊन बसतेत. कुणी सांगावं लागत नाही."

मी ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, पण मला ते लगेच पटलं नव्हतं. जड बाजूलाच का जात नाहीत, म्हणून मी वाद घातला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला मागं बसवून हायवेला नेलं. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलली की चाकातून खसखस आवाज यायचा, सुपात राळे पाखडल्यासारखा. रस्त्याला लागल्यावर त्यानं वेग वाढवत नेला. साठ झाले, सत्तर झाले, हँडल गप्प. "आरशात बघ," तो ओरडला. आरशात त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि तो इतका खुश होता की मला त्याला समोर बघायला सांगावं लागलं.

त्यामुळं त्या दिवशी गाडीवर बसताना मला रस्त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती त्या बाईची.

येणेगूर मागं पडलं. जळकोटच्या अलीकडं गाडीचं पुढचं तोंड अचानक जड झालं. खिळा घुसला होता. पंक्चरचं दुकान नेमकं समोरच होतं, म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. दुकानातले चाचा साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. बाळंतिणीला रक्त द्यायला चाललोय एवढं मल्लिनाथनं सांगितलं, तशी त्यांनी हातातलं ट्रकचं चाक बाजूला लोटलं आणि आमच्या चाकापाशी बसले. मल्लिनाथ मला पलीकडच्या हॉटेलात घेऊन गेला. उपाशीपोटी रक्त घेणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. मला घास जात नव्हता. तो समोर उभा राहून मी इडली संपवेपर्यंत हलला नाही. स्वतः मात्र नुसता चहा प्यायला.

परत आलो तर काम झालेलं. चाचा पैसे घेईनात. म्हणाले, नेक कामाला जाताय, आता सोलापूरच काय, पुण्यापर्यंत बिनघोर जा, चाक बसायचं नाही. मल्लिनाथनं त्यांना हात जोडले.

नळदुर्ग गावातून गर्दीमुळं हळूहळूच जावं लागलं. गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला, तसा त्यानं वेग घेतला, आणि त्याच्या खांद्यांतून मला थरथर जाणवली. आधी वाटलं, रस्ताच खराब असेल. त्यानं वेग कमी केला, थरथर थांबली. परत वाढवला, तर हँडल असं हलू लागलं की त्याचे दंड लटपटायला लागले. मणी घालायच्या आधीही असं कधी झालं नव्हतं.

त्यानं गाडी बाभळीखाली घेऊन मधल्या स्टँडवर लावली. मला मागचं सीट खाली दाबून धरायला सांगितलं, म्हणजे पुढचं चाक अधांतरी झालं. त्यानं ते हातानं फिरवलं आणि कान जवळ नेला. खसखस नाही. चाक फिरत फिरत थांबलं, मग उलटं झुललं आणि टायरची एक जागा खाली घेऊन स्थिर झालं. परत फिरवलं. परत तीच जागा खाली. त्यानं वाल्वची पिन नखानं दाबली. हवेबरोबर हिरवा फेस आला. तो त्यानं बोटावर घेतला आणि बघत राहिला.

"औषध घातलंय चाचानं," तो म्हणाला.

पंक्चर झालंच तर भोक आतूनच बुजावं म्हणून टायरात एक चिकट औषध घालतात. पंक्चर काढून झाल्यावर चाचांनी ते आमच्यावर मेहेरबानी म्हणून घातलं होतं. टायर बिनट्यूबचा, पंक्चर बाहेरूनच काढलेलं, मग आत मणी आहेत हे त्यांना कुठून कळणार? त्या औषधानं सगळे मणी धरले होते आणि त्यांचा एका जागी लपका करून ठेवला होता. कुणी न सांगता हलक्या बाजूला जाणारे मणी आता चाकाच्या एका कडेला दगडासारखे बसले होते.

टायर उघडून धुता येईल का, म्हणून मी विचारलं. त्यानं मान हलवली. मागं नळदुर्गला जायचं, टायर उतरवायचा, धुवायचा, वाळवायचा, परत चढवायचा. एवढा वेळ कुणापाशी होता? तेवढ्यात हेबळे बाईंचा फोन वाजला. कुठवर आलात, एवढंच त्यांनी विचारलं. मी नळदुर्ग म्हणाले. मग बाई म्हणाल्या की पद्मजाचं ब्लडप्रेशर टिकत नाहीये, हातपाय गार पडत चाललेत, जमेल तेवढं लवकर या.

आम्ही रस्त्यात उभे राहून हात केले. मालानं भरलेले ट्रक गेले. एक पांढरी मोटार हळू झाली, आतल्या माणसानं आमच्याकडं पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, ती तशीच पुढं निघून गेली. उन्हात ती लहान लहान होत गेली तोवर मी हात वर धरूनच उभी होते.

"बस," मल्लिनाथ म्हणाला.

चाळिशीच्या आत गाडी नुसती डुलायची. तसं आम्ही इटकळपर्यंत आलो. बैलगाडीत बसल्यासारखं वाटत होतं. जीप, टेंपो, सगळे आम्हाला मागं टाकून जात होते. मला त्या न पाहिलेल्या बाईचे हातपाय डोळ्यांसमोरून हलेनात. इटकळ सोडल्यावर त्यानं हळूहळू वेग चढवायला सुरुवात केली. हँडल थडथड उडायला लागलं. त्यानं कोपरं अंगाशी आवळून धरली होती, मानेच्या शिरा टरारल्या होत्या.

"अहो, सावकाश," मी म्हणाले.

"सावकाशच जायचं तर मग निघालाव कशाला?"

मलाही वेगच हवा होता. मी हेल्मेटसकट त्याच्या पाठीला डोकं टेकलं आणि त्याला गच्च धरलं, जणू माझ्या धरण्यानं ते चाक ताळ्यावर येणार होतं.

बोरामणीच्या अलीकडं शेतातून उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावर चढला. एरवी त्यानं सहज चुकवला असता. त्यानं ब्रेक दाबला मात्र, हँडल एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं सपासप आपटलं आणि त्याच्या हातात राहिलंच नाही. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की माती तोंडात गेली होती आणि कुठंतरी इंजिन चालूच होतं.

मी रस्त्याकडेच्या मऊ मातीत पडले होते. उठता आलं. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. मल्लिनाथ गाडीखाली होता. ट्रॅक्टरवाल्यानं उडी मारली, शेतात ज्वारी काढणाऱ्या बाया धावत आल्या, सगळ्यांनी मिळून गाडी उचलली. त्याची उजवी मांडी मधेच वळली होती, जिथं वळायला नको तिथं, आणि पँट भराभर काळी होत होती. मी ओढणी काढून जखमेच्या वर आवळून बांधली आणि दोन्ही हात दाबून बसले. बोटांमधून रक्त येतच होतं, कोमट.

ट्रॅक्टरवाल्यानं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. जवळची दुसऱ्या अपघातावर गेली होती, सोलापूरहून निघतेय असं कळलं. बायांमधली एक म्हातारी मल्लिनाथचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालू लागली. एवढ्यात सोलापूरकडं जाणारा एक मोटरसायकलवाला थांबला. शेतीची औषधं विकणारा असावा, पाठीमागं डब्यांची पेटी बांधलेली. मी तोंड उघडायच्या आत मल्लिनाथच त्याच्याशी बोलला. दात आवळून, तुटक तुटक त्यानं सांगितलं की हिला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचंय, तिथं एक बाळंतीण हिच्यासाठी अडलीय. त्या माणसानं काही न विचारता पेटी सोडून रस्त्याकडेला ठेवली आणि मागची जागा मोकळी केली.

"मी जात नाही," मी म्हणाले.

"जा."

"तुमचं सगळं रक्त चाललंय."

"मला कुणाचंबी चालतंय, कांते," तो म्हणाला. "कुणीबी येईल आणि देईल. तिला तुझंच पाहिजे."

मी हात काढेना. तेव्हा त्यानंच माझे हात मांडीवरून उचलले आणि त्या म्हातारीचे तिथं ठेवले. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "दाबून धरते गं माय. तू जा."

मी गेले. हाताला नवऱ्याचं रक्त लागलेलं, आणि मी दुसऱ्या कुणाला माझं रक्त द्यायला परक्या माणसाच्या मागं बसून चालले होते. वळून एकदा पाहिलं. बायांची पाठमोरी रांग दिसली, तो दिसला नाही. त्या मोटरसायकलवाल्यानं मला कसं आणलं, कुठल्या रस्त्यानं आणलं, काही सांगता येणार नाही. दवाखान्याच्या दारात उतरवून तो म्हणाला, तुमच्या माणसाकडंच परत जातो. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

रक्तपेढीच्या नळाखाली हात धुतले. पाणी बराच वेळ लाल येत होतं. हेबळे बाई मागं उभ्या होत्या. हे काय, म्हणाल्या. गाडी घसरली, खरचटलंय, असं मी सांगितलं. त्यांनी मला खुर्चीत बसवून नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली. दोन वेळा विचारलं की डोक्याला लागलंय का.

"नियमानं मी आत्ता तुमचं रक्त घ्यायला नको," त्या म्हणाल्या.

"मग नका घेऊ. तिच्या आईला मात्र तुम्ही सांगा."

बाईंनी माझी बाही वर केली आणि सुई काढली.

पिशवी भरू लागली. मी छताकडं बघत मूठ उघडमीट करत होते. दारात एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. केसांत कापसाची तुसं अडकलेली, डोळे तांबारलेले. तो पद्मजाचा भाऊ, अंबादास. त्यांचं घर विणकरांचं, चादरीचे माग घरातच. तो पाणी घेऊन आत आला. अक्का म्हणून हाक मारली आणि मालक कुठं राहिले, असं विचारलं. बाई दुसऱ्या खोलीत होत्या. मी त्याला खरं ते सांगितलं. बोरामणीच्या अलीकडं रस्त्यात पडलेत, मांडी मोडलीय, रक्त जातंय.

तो ऐकत उभा राहिला. त्याची बहीण समोरच्या बोळाच्या टोकाला दाराआड मरणाच्या वाटेवर होती, आणि त्यानं एकदा त्या दाराकडं पाहिलं. मग ग्लास माझ्या हातात दिला आणि गेला. बोळातून त्याचं तेलुगूतलं बोलणं ऐकू आलं आणि पाठोपाठ पुष्कळ पावलं जिन्यावरून धडधडत उतरली.

चादरींचे गठ्ठे वाहायच्या टेंपोतून ते लोक गेले. सोलापूरहून निघालेली ॲम्ब्युलन्स वाटेतल्या गर्दीत अडकली होती. हे लोक ओळखीच्या आडरस्त्यानं तिच्या आधी पोचले. टेंपोत चादरींच्या थप्प्या अंथरून त्यांनी मल्लिनाथला आडवं केलं आणि आणलं. म्हातारी टेंपोत त्याच्याबरोबर आली, हात न उचलता. दवाखान्यात आला तेव्हा तो कागदासारखा पांढरा झाला होता, मला ओळखत नव्हता. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल, पुष्कळ लागेल.

पद्मजाचा नवरा, भाऊ, चुलतभाऊ, मागावरची माणसं पहाटेपासून बाह्या वर करून त्या बोळात बसली होती. त्यांच्या बाईला त्यांच्यातल्या एकाचंही चाललं नव्हतं. आता तीच माणसं उठली. ज्यांचं जुळलं ते आत जाऊन पडले, ज्यांचं नाही जुळलं ते बदल्यात द्यायला रांगेला लागले. मी भिंतीला टेकून बघत होते. अंबादास सगळ्यात आधी आत गेला.

त्याच संध्याकाळी मल्लिनाथचं ऑपरेशन झालं, मांडीत सळई घातली. पुण्याचा दाताही येऊन रक्त देऊन गेल्याचं कळलं. हाडांचा वॉर्ड वेगळ्या इमारतीत होता. मी तिथून हलले नाही. अंबादास रोज जेवणाचा डबा घेऊन यायचा. मी आधी पद्मजाचं विचारायची.

"झोपलीय, अक्का," तो सांगायचा.

भेटू का, म्हटलं की आत कुणाला सोडत नाहीत असं उत्तर यायचं. बाळ? बाळ छान आहे. त्यानं दाढी केलेली नव्हती. मला वाटलं, धावपळीत राहून गेली असेल. हेबळे बाई एकदा येऊन माझ्या कोपराची पट्टी बघून गेल्या. त्यांनाही विचारलं. आधी तुम्ही दोघं आराम करा, म्हणाल्या.

मल्लिनाथ शुद्धीवर आला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तो दुखण्यानं कण्हत नसे. एकदा अंबादास डबा उघडत असताना तो भिंतीकडंच बघून बोलला.

"मी ते मणी घातलेच नसते तर तू तासभर आधी पोचली असतीस. माझ्या हौसेपायी त्या बाईचं काही झालं असतं तर मी परत उठलो नसतो या खाटेवरून."

"पण झालं नाही ना काही," मी म्हणाले. "बरी आहे ती. हे रोज सांगतात की."

अंबादास वाटीत वरण ओतत होता. त्याचा हात थांबला नाही. "बरी आहे, अण्णा," तो म्हणाला. "तुम्ही जेवा."

त्यानंतर मल्लिनाथ खरंच जेवू लागला. कुबड्या घेऊन चार पावलं टाकू लागला. पडला, पुन्हा उभा राहिला. पद्मजा घरी जायच्या आधी मी चालत जाऊन तिला भेटणार, असं तो नर्सला सांगायचा. पुढं तो बरा झाला, पाय जरा आखूड राहिला, कारखान्यातही परत लागला. पण ते नंतर.

घरी सोडलं त्या दिवशी तो अंबादासनं आणलेल्या रिक्षात पाय लांब करून बसला, आणि मी हट्टच धरला की पद्मजाला आणि बाळाला पाहिल्याशिवाय मुरूमला जायचं नाही. एव्हाना तीही घरी आली असणार. अंबादासनं डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग त्यानं रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.

पूर्व भागातली अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. मल्लिनाथला जिना चढवेना, तो खाली रिक्षातच थांबला. मी एकटी वर गेले. खोलीत एक बाई पाय पसरून, पाठ भिंतीला लावून बसल्या होत्या, आणि त्यांच्या पायांवर ते बाळ होतं. त्या पद्मजाच्या आई, राजम्मा. बाटलीनं दूध पाजत होत्या. मी खोलीभर पाहिलं. दुसरी खाट नव्हती. बाळंतिणीच्या खोलीला असतो तो शेगडीचा, ओव्याचा वास नव्हता. बाळ बाटली ओढत होतं, आणि मला समजलं.

"कधी?" मी विचारलं.

"तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या प्रहरी." त्यांचं मराठी अडखळत होतं. "किडनी बंद पडली म्हणाले."

मी वळून पाहिलं. मागं अंबादास जिन्यात उभा होता, वर येत नव्हता. बहिणीला पोचवून आल्यावरही त्या माणसानं आमचा डबा चुकवला नव्हता.

"आधी याच्याच तोंडून निघेना. मग तुमच्या मालकांचं बोलणं यानं घरी येऊन सांगितलं," राजम्मा म्हणाल्या. "मी म्हटलं, ते पायावर उभे राहीपर्यंत कुणी सांगायचं नाही. आमची गेली. त्यांनी कशाला जायचं?"

एवढा आटापिटा करून काही उपयोग झाला नाही, असलं काहीतरी मी पुटपुटले असेन. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि मान हलवली.

"असं म्हणू नका. त्या दिवशी तुमचं रक्त चढवलं, तशी रात्री ती जागी झाली. सकाळी बोलली. मुलगी दाखवा म्हणाली. नर्सनं हिला तिच्याजवळ ठेवलं." त्यांनी बाळाचं तोंड पदरानं पुसलं. "एकदा पाजलं तिनं हिला. हिनं आईचं दूध प्यायलं, अक्का. एकदा तरी प्यायलं."

खाली रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी जायला वळले. मल्लिनाथ खाली वाट पाहत होता, आणि त्याला काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"वाजवू दे त्याला," राजम्मा म्हणाल्या. त्यांनी पाय जरा आवरून शेजारी जागा केली आणि बाळ उचलून माझ्याकडं धरलं. "बसा थोडं."

मी बसले.